जिवंत कवडी

भातकुलीला आमचं फुलांचं वावर होतं. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. बाबा पहाटेच अमरावतीला फुलं घेऊन जायचे आणि दुपारी परत आले की जेवून लिंबाखाली आडवे व्हायचे. त्या वेळी माय, दादा आणि मी कवड्या खेळायचो. बाबांनीच त्या कौंडण्यपूरच्या जत्रेतून आणल्या होत्या. पिवळसर, गुळगुळीत, पोटाशी दाते असलेल्या.

"बाबा, कवड्या कोठून येतेत?" दादानं एकदा विचारलं.

"झाडाले लागतेत," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

दादानं एक कवडी शेवंतीच्या वाफ्यात पुरली आणि तिला रोज पाणी घातलं. कोंब काही येईना. शेवटी मायलाच दया आली. "अरे, समुद्रातून येतेत म्हणतेत लोक," ती म्हणाली. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

पुढे शाळेत मास्तरांनी सांगितलं की कवडी म्हणजे समुद्रातल्या एका छोट्या गोगलगायीचं कवच. दादा त्या दिवशी घरी आला तो हरखूनच. "माय, याच्यात जीव राहत होता!" खेळता खेळता मध्येच कवडी उलटी धरून तो आत पाहत बसायचा आणि आम्ही ओरडायचो, टाक ना लवकर.

अमरावतीत शिकून त्याला केंद्र सरकारची नोकरी लागली. बदलीसाठी जागा विचारल्या तेव्हा ज्या बेटांवर कोणी जायला मागत नव्हतं, ते लक्षद्वीप त्यानं स्वतः मागून घेतलं. बाबा म्हणाले, "जाऊ द्या. दोन-चार सालात येईन तो वापस." तो आला नाही. वर्षातून एकदा यायचा, काळवंडलेला, आणि तिकडच्या पाण्याच्या गोष्टी सांगायचा. मी लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले.

बाबा ऐन पावसाळ्यात गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. समुद्र खवळला होता, बोटी बंद होत्या, छोटं विमानही उडत नव्हतं. दादा पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. मायनं त्याला पाणी दिलं, जेवू घातलं, विचारलं काहीच नाही. तो परत निघाला तेव्हा दारात एवढंच म्हणाली, "तुहा समुद्र तुले लखलाभ."

वावर काकांकडे कसायला देऊन मी मायला अकोल्याला आणलं. दादाचा फोन आला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. "सांग त्याले, बरी आहे म्हणा."

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. गुडघाभर पाण्यात उभा होता. मागे सगळं हिरवंनिळं.

"बाई, मायले दे."

"ती नाही बोलत, दादा. तुला माहीत आहे."

"तिले म्हण, कवडी दाखवतो. जिवंत."

माय तुरीच्या शेंगा सोलत होती. मी निरोप सांगितला आणि तिचे हात थांबले. "जिवंत?" पदराला हात पुसून तिनं फोन घेतला.

दादानं पाण्यातला एक दगड हळूच कलता केला. खाली चिंचोक्याएवढं काहीतरी चिकटलेलं होतं, काळ्या-करड्या पट्ट्यांचं, मऊ.

"याच्यात कवडी कोठं आहे?" माय म्हणाली.

"पाह्य." त्यानं बोट लावलं. ती पट्ट्यापट्ट्यांची कातडी दोन्ही बाजूंनी सरकत खाली गेली आणि आतून पिवळी, ओली, चकचकीत कवडी उघडी झाली.

"अगो माय! आंगावरून पांघरूण घेते का थे?"

"हो. त्याच्यानंच तिची चमक राह्यते."

"अन खाते काय?"

"दगडावरचं शेवाळ."

मायनं फोन जवळ धरला. मग म्हणाली, "अन तू काय खातं रे?"

दगड अजून कलताच होता. "भात, मच्छी," दादा कसाबसा म्हणाला. "ज्वारीची भाकर नाई भेटत इथं." मग एकदम, "माय, बाबा गेले त्या दिवशी मी धक्क्यावरच उभा होतो. बोट सुटन म्हणून."

"माहीत आहे मले. समुद्र का माणसाचं ऐकते?" माय म्हणाली. "दगड नीट ठेव. उघडं पडलं थे."

माघात तो आला. रोज भाकरी, ठेचा, झुणका. माय त्याच्या ताटासमोरून हलायची नाही. निघताना स्टेशनवर तिनं विचारलं, "मले घेऊन चालतं का?" दादाचा चेहरा उजळला, पण तिला चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो, आणि लांबचा प्रवास डॉक्टरांनी आधीच साफ नको म्हटला होता. "राहू दे मंग," ती म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तिथंच उभी राहिली.

आता संध्याकाळी ती स्वतःच म्हणते, "लाव त्याले." बोलणं थोडंच होतं. तो फोन पाण्याकडे फिरवतो आणि ती पाहत बसते. मीही तिच्या खांद्यावरून पाहते. परवा मी विचारलं, "एवढं काय दिसतं तुला त्यात?"

"काईच नाई," ती म्हणाली. "लय दूर आहे तो, एवढंच दिसते."