पावसाचा हिशोब करणारी दोन मशिनं

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहर बिडकीनच्या बाजूनं पसरत होतं. आमच्या नव्या कॉलनीत नळ आला नव्हता, पण नेटकॅफे आला होता. त्याचा मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, हातात कायम पिवळं फडकं. गिऱ्हाइकांना तो जुन्या, रखडणाऱ्या मशिनांवर बसवायचा. दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्युअल-कोर प्रोसेसर घातलेली दोन नवी मशिनं मात्र कुणालाच द्यायचा नाही. हवामानाचा एक अवाढव्य हिशोब जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर वाटून चालला होता. त्यातला एकच तुकडा त्यानं दोन्हींवर लावला होता. कोणता प्रोसेसर सरस, ते त्याला बघायचं होतं.

नोकरीच्या अर्जाची मुदत संपायला आली आणि माझं मशीन पुन्हा अडकलं.

"काका, त्या नव्यांतलं एक द्या ना. माझा अर्ज राहील."

"थांबा जरा. लई घोळ झालाय," तो म्हणाला. "एकाच्या हिशोबात आपल्याकडं पाऊस पडतोय, दुसऱ्याच्या नाय."

"मग खरं कुणाचं?" मी वैतागून विचारलं.

त्यानं दोन्ही पडद्यांकडं पाहिलं. बाहेर टँकर आला होता आणि बायका हंडे घेऊन धावत होत्या. त्यानं एका मॉनिटरवरून हलकेच फडकं फिरवलं.

"पडतोय त्याला चालू राहू द्या. दुसऱ्यावर बसा तुम्ही."

मी खुर्ची ओढली आणि पाऊस न पडलेल्या मशिनावरून अर्ज पाठवला. मशीन उत्तम चालत होतं.