हळद-मिऱ्याची पुडी

फोनवरचा तो दबका आवाज मला आजही आठवतो. मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. फोन वरठीजवळच्या एका गावातल्या आशा सेविकेचा होता.

"साहेब, इथं एक माणूस बायकोले रोज कायतरी पाजून राहिला. तिले छातीचा कॅन्सर आहे. नागपूरचा इलाज बंद केला त्यानं. आता बाई घराबाहेरच दिसत नाही."

स्टेशन डायरीत नोंद केली, महिला हवालदाराला सोबत घेतलं आणि निघालो.

नवरा कारखान्यात कामाला होता. ड्युटीवरून येऊन सायकल भिंतीला टेकवत होता. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मी काई केलं नाही, साहेब." प्रश्नाआधी उत्तर देणारा माणूस मी सहसा सोडत नसे. माझा संशय तिथेच पक्का झाला.

बायको आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. तिचा चेहरा गोल, भरलेला होता. मनगटं मात्र काडीसारखी. प्रत्येक उत्तराआधी ती नवऱ्याकडे बघायची. फळीवरच्या डब्यात पिवळ्या चूर्णाच्या पुड्या होत्या.

"काय आहे हे?"

"हळद, मिरे, सुंठ, दालचिनी," नवरा म्हणाला. "सैपाकातलंच आहे. यानं कॅन्सर जिरते म्हणतात."

"कोण बनवतं?"

"मीच."

पुड्या पंचांसमक्ष ताब्यात घेतल्या. हवालदारासोबत बाईला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि नवऱ्याला ठाण्यात आणलं. किराणा दुकानातून तेच चार मसाले मागवून त्याच्यासमोर ठेवले. म्हटलं, "करून दाखव."

त्याने मूठभर हळद कागदावर घेतली. मग हात थांबला. मिरे किती घ्यायचे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते चूर्ण कधी बनवलेलंच नव्हतं. मग आणलं कुठून? दोन तास विचारलं. तो घामाघूम झाला, पण नाव सांगेना. बायकोच्या जिवावर उठलेला माणूस माझ्यासमोर बसला आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

दुपारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "हळदीनं चेहरा असा सुजत नाही. पुडीत स्टिरॉइड असावं. त्यानं भूक लागते, दुखणं दबतं, माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं. आजार आत वाढतच राहतो. आता ते एकदम थांबवणंही धोक्याचं, म्हणून तिला भरती करून घेतोय."

मी विचारलं, "मग हळदीचं ते सगळं खोटं?"

"अगदी खोटं नाही. प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर हळदीतल्या घटकाचा परिणाम दिसतो. माणसाच्या शरीरातला कॅन्सर त्यानं बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. भाजीत खुशाल खावी. पण उपचार सोडून नाही."

नवरा ठाण्यात अडकलाय हे कळल्यावर बाईने हवालदाराजवळ तोंड उघडलं. "त्याईले सोडा. पुडी मीच आणली. शहापूरच्या पुढं मसाला चक्की आहे, त्या चक्कीवाल्याकडून. नाव सांगितलं तर गुण जाते म्हणे. म्हणून मीच त्याईले शपथ घातली होती."

दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही चक्कीवर गेलो. आधी साध्या कपड्यातला माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवला. पुडी त्याच्या हातात पडताच आत शिरलो. मिरचीच्या पोत्यांमागे एक मिक्सर होता आणि त्याच्याजवळ गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग.

चक्कीवाला पन्नाशीचा, मृदू बोलणारा. घडी घातलेली कात्रणं त्याने खिशातून काढून टेबलावर मांडली. "वाचा, साहेब. शास्त्रज्ञच म्हणतात हळदीत गुण आहे. मी काय खोटं सांगून राहिलो?"

"मग गोळ्या कायले टाकल्या?"

त्याने कात्रणं पुन्हा घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "नुसत्या हळदीनं चार दिवसांत भूक नाही लागत. अन् भूक नाही लागली, तर माणूस परत येत नाही."

पुड्यांच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात स्टिरॉइडच निघालं. दोषारोपपत्र दाखल झालं. नवऱ्याला मी बाईने चक्कीवाल्याचं नाव सांगितलं त्याच दिवशी चहा पाजून घरी पाठवलं होतं. त्याची माफी मात्र मागितली नाही. तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता.

बाईचा सविस्तर जबाब मी स्वतः घेतला. विचारलं, "इलाज काहून सोडला?"

"त्याईची ड्युटी राहे. मी एकटीच गाडीनं नागपूरले जात होती. सलाईन लावून येताना डब्यात उलट्या व्हायच्या. लोक सरकून बसत. एक दिवस मसाला दळाले गेली, तर चक्कीवाल्यानं मले स्टूल दिला, पाणी दिलं. माझं सारं ऐकून घेतलं त्यानं."

उपचार पुन्हा सुरू झाले, पण मधल्या चार महिन्यांत गाठ वाढली होती. कठड्याला धरून तिने कोर्टात साक्ष दिली. चक्कीवाल्याला शिक्षा झाली, तेव्हा ती ते ऐकायला नव्हती.

पुडी कोणी दिली, हे मी साऱ्यांना विचारलं. ती घ्यायची वेळ तिच्यावर का आली, हा प्रश्न मला सगळ्यात शेवटी सुचला. निवृत्तीनंतर आता ओळखीतलं कुणी आजारी पडलं, की लोक मला हळदीबद्दल विचारतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच मी सांगतो. पण त्याआधी विचारतो, दवाखान्यात सोबत कोण जातं?