थरथरता ग

पहिलीच्या वर्गात बाकं नव्हती. बाईंनीच कधीकाळी भांडून ती बाहेर काढायला लावली होती. आता तिथे सतरंज्या होत्या, भिंतीलगत चाळलेल्या वाळूचे पत्र्याचे ट्रे, बादलीत ओल्या फडक्याखाली झाकलेली माती आणि बटणं, झाकणं, रिकाम्या काड्यापेट्या यांनी भरलेले डबे.

"हा वर्ग आहे की भंगाराचं दुकान?" शेजारच्या वर्गातल्या बाई विचारायच्या.

"दुकानच. पण गिऱ्हाईकं बघा कशी खूश आहेत!"

सगळी शाळा त्यांना मातीच्या बाई म्हणायची. अक्षर आधी बोटात उतरतं आणि मगच डोक्यात चढतं, असं त्या मानायच्या. मुलांच्या मधोमध मांडी घालून त्या आपल्या ट्रेमध्ये बोटाने अक्षर काढायच्या, आणि मुलं त्यांच्या बोटाकडे बघत आपापल्या वाळूत तसंच काढायची. वजाबाकी मातीच्या गोळ्यांची. पाच वळायच्या, दोन चिरडायच्या, उरल्या किती? चिरडायला मिळतं म्हणून वजाबाकीला कोणी घाबरत नसे.

काड्यापेट्यांचा मनोरा रचून झाला की शेवटची पेटी बाईंनी ठेवायची, असा रिवाज होता. एकदा त्यांचाच हात लागून मनोरा कोसळला. "बाई हरल्या!" म्हणून मुलं नाचली, बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग त्यांनी तो मान रोज एकेका मुलाला देऊन टाकला.

उजवा हात आपलं ऐकत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गोळ्यांनी थोडं ताब्यात राहील. पण वाढत जाणार. बरं होणारं दुखणं नाही हे."

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दादा आणि वहिनी हेच त्यांचं घर. घरी त्या काही बोलल्या नाहीत. पण एका सकाळी वहिनीने चहा समोर ठेवला तो अर्धाच.

"वन्सं, आजपासून कप अर्धाच देते. परत भरून देईन. तुम्ही काही सांगू नका, मला दिसतं."

बाईंनी मान खाली घालून चहा संपवला. शाळेत मात्र कोणाला काही दिसलं नाही, या समाधानात त्यांनी आणखी काही महिने रेटले.

मग एके दिवशी शाळा सुटताना एका मुलीची आई येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"बाई, हिचा हात थरथरतो हो. फक्त लिहिताना. जेवताना, खेळताना काही नाही. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात मुलगी ठणठणीत आहे. वर्गात काही घाबरली का?"

मुलगी आईच्या मागून पुढे आली. "अगं, मी मुद्दाम करते. ग ची रेघ अशीच असते. बाईंचा ग असाच आहे. सरळ काढला की तो चुकतो."

आई बाईंच्या हाताकडे बघायला लागली. बाईंनी तो पदराखाली घेतला, पण उशिराच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा ग काढला आणि उठून एकेक ट्रे बघितला. बहुतेकांच्या वाळूत तीच नागमोडी रेघ. मुलांनी जीव ओतून, जिभा बाहेर काढून ती गिरवली होती. एकाने तर दोन्ही हात कापवून दाखवले. "बाई, माझा जास्त छान जमला ना?"

"छान जमला," बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्या मोठ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "हाताने नका काढू. तोंडी शिकवा. नाहीतर मोठ्या वर्गात गोष्टी सांगा. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

"मीच म्हणतेय. मला बोलून शिकवता येत नाही हो. आयुष्यभर हातानेच शिकवलं."

त्यांच्या जागी एक तरुण शिक्षिका आली. हुशार होती, मुलांवर माया करणारी होती. तिने मुलांचे ग हां हां म्हणता सरळ केले. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी ही बातमी मोठ्या उत्साहाने घरी येऊन सांगितली. "चला, बरं झालं," म्हणून बाई आत निघून गेल्या. वहिनीने पाहुणीशी इकडच्यातिकडच्या गप्पा मारून वेळ निभावून नेली.

पुढे एका दुपारी ती तरुण शिक्षिका स्वतः आली. "बाई, माती जमत नाहीये. कधी भेगा पडतात, कधी मुलांच्या हातांना चिकटून बसते. पाणी किती घालायचं?"

"हाताला चिकटायची थांबली की पुरे."

"पण म्हणजे किती?"

बाईंनी डोळे मिटले. हवेत बोटं हलवून बघितली, जणू समोर परात आहे. पण बोटं आपल्याच तंत्राने हलत होती, त्यांच्याकडून काही कळेना. "आधी थोडं... मग मळत राहायचं. कळतं गं ते. मळता मळता कळतं," त्या म्हणाल्या. शिक्षिका मान डोलावून पाया पडली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेने दुकानातून तयार माती आणली. रंगीबेरंगी, डब्यातली, न चिकटणारी.