बयाक्कानं ऐकलेलं घोरणं

लोणंदच्या एका दवाखान्यात बयाबाई आया होती. बालपण मेंढरांमागं गेलेलं, शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. पण वीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली जे शिकली, ते पक्कं होतं. गल्ली तिला बयाक्का म्हणायची.

१९९४च्या उन्हाळ्यात शेजारच्या चंद्राबाईचा अर्जुना मुंबईहून परतला. पार वाळलेला. त्याला गर्दचं, म्हणजे हेरॉईनचं व्यसन लागलंय हे आईला ठाऊक होतं, पण ती कुणाला सांगत नव्हती. घरी आल्यावर महिनाभर त्यानं गर्दला हातही लावला नाही.

एका दुपारी बयाक्का ताक घेऊन गेली, तर अर्जुना उताणा पडून घोरत होता.

"झोपू दे आक्का, लय दिसांनी डोळा लागलाय," चंद्राबाई हळूच म्हणाली.

बयाक्का थबकली. घोरणं घरघरत होतं, मधेच बंद पडत होतं. तिनं त्याला हलवलं, हाका मारल्या, जाग यावी म्हणून छातीचं हाड रगडलं. काहीच नाही. ओठ निळे, डोळ्यातली बाहुली खसखशीएवढी.

"चंद्रे, ही झोप न्हवं! काय घेतलंय ह्येनं?"

"काय न्हाई वो..."

"लाजू नगंस. पोरगं जाईल."

चंद्राबाईनं उशीखालची पुडी काढून दिली आणि रडू लागली. रडणं ऐकून गल्ली जमली, त्यात जीपवाला भाऊसोही होता. कुणीतरी लिंबूपाणी आणलं.

"तोंडात काय बी घालू नगा, घुसमटंल! भाऊसो, जीप काढ."

अर्जुनाचा श्वास थांबत आला होता. बयाक्कानं त्याची मान मागं केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. छाती वर आली. पुन्हा फुंकली. जीपमध्येही ती थांबली नाही.

सरकारी दवाखान्यात तिनं पुडी डॉक्टरांच्या हातात ठेवली. रबरी फुग्यानं हवा देत त्यांनी त्याला साताऱ्याला नेलं. तिथं गर्दवर उतारा म्हणून देतात ते इंजेक्शन मिळालं आणि अर्जुनानं डोळे उघडले.

थोड्या वेळानं तो घरी जायचं म्हणू लागला.

"इंजेक्शनाचा जोर उतरला की परत दम कोंडंल, डॉक्टर म्हणालेत. गप पड," बयाक्कानं दटावलं आणि त्याचे पाय चेपत बसली. दोन दिवस ती तिथून हलली नाही.

वर्षभरात तो एकदा पुन्हा घसरला. तेव्हा तीच त्याला उपचारासाठी पुण्याला घेऊन गेली. पुढं त्याला कांद्याच्या बाजारात काम लागलं.

आता कुणी विचारलं, तर चंद्राबाई मान वर करून सांगते, "आजारी हुता माझा अर्जुना. बरा झालाय."