शेजारणीचं वाढायचं भांडं

टण्ण असा आवाज झाला आणि शेजारणीचं पोर्तुगीज मातीचं भांडं आमच्या शेगडीवर दुभंगलं. औषधांच्या कारखान्यात तापमान सांभाळायचा मला पगार मिळतो, हे इथेच सांगून टाकतो. कारखान्यातल्या कोणी हे वाचू नये, एवढीच इच्छा.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. त्या पहाटे पुण्याहून फोन आला, माझे सासरे कोविडने गेले. अंत्यविधी बायकोने आयर्लंडमध्ये, ड्रोहेड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मोबाईलवर पाहिला. तिकडे फोन धरलेल्या तिच्या दादाला कॅमेऱ्याचं भान नव्हतं, बहुतेक वेळ जमीनच दिसली. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "आज गॅस लावायचा नाही."

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचं कोणी पिठलं-भात आणतं, बळेबळे दोन घास खायला लावतं. इथे कोण आणणार? डब्लिनची मराठी मंडळी आली असती, पण लॉकडाउनमुळे काउंटी, म्हणजे जिल्हा, ओलांडायला बंदी. संध्याकाळ झाली तरी तिने चहासुद्धा घेतला नव्हता, आणि मी सारखं "थोडं खा ना" म्हणून तिला आणखी गप्प करत होतो.

बेल वाजली. पलीकडची साठीची पोर्तुगीज बाई पायरीवर भांडं ठेवून फाटकापर्यंत मागे सरकली होती. तांबूस, हाताने घडवलेलं, काठावर पिवळी फुलं. आत टोमॅटोतला राजमा-भात. आमची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. भिंतीपलीकडे रडणं ऐकू गेलं असावं.

भात निवला होता. मायक्रोवेव्ह समोर असताना मला वाटलं, मातीचं भांडं म्हणजे विस्तवावरचंच! शिवाय आमची काचेची शेगडी विजेवर चालते, तिला गॅस कुठे म्हणतात, असा युक्तिवादही मनातल्या मनात झाला. पुढचं सांगितलंच.

वरवरचा भात पातेल्यात काढून मी कुंपणापाशी गेलो आणि कबुली दिली.

"अरे, ते नुसतं वाढायचं," ती म्हणाली. "विस्तवावरची वेगळी असतात."

"तुमच्या गावाहून दुसरं मागवून देतो."

"घडवणारा म्हातारा जानेवारीत गेला. याच साथीत." माझा चेहरा बघून तिने हात झटकला. "ते राहू दे. तुझी बायको जेवली का?"

मी बघायला घराकडे वळलो.

परत आलो तर बायको ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच खात होती. मी दारातच थांबलो. उगाच काही बोललो तर तेवढंही खाणार नाही, याची मला पूर्ण खात्री होती. चार घास झाल्यावर तिने चमचा ठेवला.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली. "शेवटी बाबांना पाणी कोणी पाजलं, ते मला विचारायचंय."