मापाची बाई

आमच्या कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्या तिला चौतीस म्हणायच्या. बायकांचे आतले कपडे शिवणारा आमचा कारखाना. ब्राचा कुठलाही नवा नमुना आधी चौतीसच्या मापात शिवतात आणि तो अंगात घालून दाखवायला एक जिवंत बाई लागते. पुतळा असतो, नाही असं नाही. पण पुतळ्याला पट्टी रुतत नाही, आणि हात वर केल्यावर कप जागचा हलतो की नाही हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारी बाई म्हणजे ही.

मी तिथेच वरच्या मजल्यावर सॅम्पल शिवायचे. मी शिवायचे, ती पडद्यामागे जाऊन घालून यायची, डिझाइन मॅडम टेप लावून, चिमटीत कापड धरून बघायच्या आणि मग मी सगळं उसवायला घ्यायचे. उसवून उसवून माझा स्वभाव तिरसट झालाय असं घरची माणसं म्हणतात. म्हणू देत. त्यांना एकदा उसवायला बसवा, मग बघू कोण किती गोड राहतं.

आधी ती खालच्या मजल्यावर हुक लावायला होती. खाली म्हणजे मान मोडेपर्यंत वाकायचं, नाकातोंडात कापडाचा भुगा जायचा आणि वर सुपरवायझर डोक्यावर मिऱ्या वाटायला उभा. एक दिवस मॅडम टेप घेऊन खाली उतरल्या, मुलींची एकेक करून मापं घेतली आणि हिला वर घेऊन आल्या. दिसायला ती अगदी चारचौघींसारखी. थोरल्या बहिणीच्या जुन्या कपड्यांत वाढलेली, कौतुक म्हणून कुणी कधी केलं नव्हतं. आणि इथे एक शिकलीसवरलेली बाई हिच्याभोवती फेरी मारून म्हणते, "अगदी परफेक्ट!" स्वारी त्या दिवशी हवेत होती. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "ताई, जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी बरोब्बर निघाले."

मला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून ते मी आवरलं.

दोन-तीन वर्षं तिची छान गेली. बसायला खुर्ची, खिडकीजवळची जागा, मॅडमच्या चहातला अर्धा चहा. खालच्या बायका नाकं मुरडायच्या, "आम्ही हातांनी राबून खातो, ही छातीवर खाते." तिने कधी मनावर घेतलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, सासू घर बघायची. मग तिला दिवस गेले.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी तिला मिठी मारली, खोटं कशाला बोलू. आणि मग तितक्याच प्रेमाने म्हणाल्या, "तुझी जागा कुठे जात नाही. पण परत येशील तेव्हा माप हेच हवं, हां. अंगावर पाजण्याच्या फंदात पडू नकोस. बायकांचा आकार तिथेच जातो." जिभेला हाड नसतं म्हणतात ना, ते असं. या बाईला मूल नाही, बाळ नाही, पण सांगत होती अशी की जणू चार पोरं वाढवून बसलीय.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे दुसरं मतच नव्हतं. खोकी भरणारी जाडी बाई तर उभी राहून आपल्या छातीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ, तीन पोरांनी ओढून ओढून पार पिशव्या केल्यात!" सगळ्या खो खो हसल्या. चौतीस हसली नाही. ती त्या बाईच्या छातीकडे बघतच राहिली.

मुलगी झाली. मी बघायला गेले तर एकाच खोलीत दोन तऱ्हा. सासू पोरीला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजतेय आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. छातीला काय बांधलं होतं माहितीये? आमच्याच कारखान्यातली रुंद इलॅस्टिकची पट्टी. वेढ्यावर वेढे, श्वास कोंडेल इतकी घट्ट. पोर रडली की त्या पट्टीतून दूध झिरपायचं आणि समोरून सगळा गाऊन भिजायचा, तो मग मोरीत पिळायचा. अंगाला हात लावला तर तापाने नुसती फणफणलेली, आणि छाती दगडासारखी कडक.

सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा हिला. लेकरू तोंड उघडून शोधतंय आणि ही कूस बदलते. असली आई मी नाही पाहिली."

मी म्हटलं, "अगं, थोडं पाज. निदान दुखणं तरी उतरेल."

"आणि परत खाली जाऊन हुक लावू?" ती भिंतीशीच बोलत होती. "ताई, मला काही येत नाही हो. शिवता येत नाही, कापता येत नाही. माझ्याकडे एवढं एकच आहे."

नवरा दारात उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तिची नोकरी, तिचं तिने बघावं." आणि निघून गेला. पुरुषांना हे असं हात झटकणं फार छान जमतं.

दूध आटलं. पोरीला वरचं दूध काही मानवेना. कधी जुलाब, कधी ओकाऱ्या. पहिल्या उन्हाळ्यात तिला दोनदा सलाईन लावायला लागलं. हातावर शीर सापडेना म्हणून डोक्याला सुई लावली होती. चौतीस दवाखान्याच्या बाकावर बसून ते बघत होती. सासूने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी डबा घेऊन गेले होते, तो तिने उघडलासुद्धा नाही.

ती कामावर परत आली त्या दिवशी मी एक नवा नमुना शिवून तयार ठेवला होता. तिच्याच मापाचा. ते माप माझ्या हातात इतकं बसलं होतं की टेपकडे बघावं लागत नसे. ती पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. मॅडमनी दोन हाका मारल्या, तेव्हा आली.

खालची पट्टी ठीक बसली होती. पण कप वरून पोकळ. कापडाला चुण्या पडलेल्या, आणि छाती खाली उतरून तळाशी बसलेली. मॅडमनी चिमटीत कापड धरलं, सोडलं, परत धरलं. मग टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, "पाजलंस ना?"

"नाही मॅडम."

"खरं सांग. मी काही रागावणार नाही."

"पोरीची शपथ, एक थेंब नाही पाजला."

"मग हे आपोआप झालं का?"

मला राहवलं नाही. मी मशीनवरून म्हटलं, "मॅडम, मी डोळ्यांनी बघितलंय. हिने छाती बांधून दूध आटवलं. तापाने मरायची वेळ आली होती."

"तुम्ही तुमचं शिवा," मॅडम म्हणाल्या. माझीही नोकरीच होती. मी मान खाली घालून मशीन चालू केलं. मग त्या तिच्याकडे वळल्या, "पाजलंस याचं मला काही नाही. खोटं बोललीस याचं वाईट वाटतं."

ती पडद्यामागे गेली, आपले कपडे घालून बाहेर आली आणि सरळ जिना उतरून खाली गेली. हुकच्या टेबलावर जागा रिकामीच होती. तिथे बसली.

पुढच्याच आठवड्यात नवी मुलगी वर आली. जेमतेम विशीतली, नवीन लग्न झालेली, सारखी हसणारी. खिडकीजवळची खुर्ची तिला मिळाली.

वर्षभराने कारखान्यात बायकांच्या आरोग्यावर बोलायला एक नर्सबाई आल्या होत्या. पंखे बंद करून आम्हाला खालच्या मजल्यावर बसवलं, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू यावं. गोड बाई होत्या. अंगावरच्या दुधाचे फायदे सांगता सांगता म्हणाल्या, "पाजल्याने आकार बिघडतो ही भीती आधी काढून टाका. बिघडायचं ते गरोदरपणातच होतं. दुधाच्या ग्रंथी वाढतात, छाती जड होते, कातडी ताणली जाते. मग त्या ग्रंथी आक्रसतात आणि ताणलेली कातडी पुरती मागे येत नाही. वय असतं, वजन असतं, किती बाळंतपणं झाली ते असतं. पण पाजलं म्हणून वेगळं काही होत नाही."

चौतीस उभी राहिली. "म्हणजे नाही पाजलं तरी?"

"तरी तेवढंच," नर्सबाई हसून म्हणाल्या. "मग बाळाला कशाला उपाशी ठेवायचं?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी खुशखबरच सांगितली होती, त्यांचा काय दोष. चौतीस उभीच होती. मी शेजारून तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. मला वरच्या मजल्यावर जाऊन मॅडमच्या गळ्यातला तो टेप कात्रीने कापून टाकावासा वाटत होता. मॅडम तिथे नव्हत्याच. त्या असल्या भाषणांना येत नसत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती वरची नवी मुलगी जेवणाच्या सुट्टीत खाली आली. डोळे सुजलेले. मी चौतीसच्या समोरच बसले होते. मुलगी उभ्या उभ्याच तिला म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत. मॅडम म्हणतात, तुझी जागा कुठे जात नाही, फक्त अंगावर पाजू नकोस. मी काय करू?"

चौतीस हुक लावत होती. सुट्टीतही ती हात थांबवत नसे.

"पाज," ती म्हणाली.

"पण मग माझी जागा?"

"जागा जाणार. पाजलंस तरी जाणार, नाही पाजलंस तरी जाणार. हे टेबल आहेच." तिने शेजारचं रिकामं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "लेकराला पोटभर पाज. माझीने सगळं दूध मोरीत जाताना बघितलंय."

मुलगी रडायला लागली. चौतीसने पुढचा हुक उचलला.