सासऱ्यांच्या सुराची तपासणी

बाजारात तिला शिक्केवाली म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की शिक्केवाली. वजनमापे खात्यात ती निरीक्षक होती. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजू सपाट जागी आहे का बघायचं, वजन आधी मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवायचं, आणि सगळीकडे सारखं भरलं तरच शिक्का मारायचा. एकवीस वर्षांत तिनं एकही शिक्का भिडेखातर मारला नव्हता. सख्ख्या मामाच्या दुकानातला तराजू तिनं सील केला, तोही मामीच्या हातचा चहा पिऊन झाल्यावर. मामा म्हणाला, "अगं, अंगाखांद्यावर खेळवली तुला मी." ती म्हणाली, "मामा, पंचवीस ग्रॅम कमी भरतंय." तेव्हापासून मामाकडचं येणंजाणं बंद झालं.

अशा बाईशी संसार करणं म्हणजे काय, ते तिच्या नवऱ्याला विचारा. तो बिचारा दवाखान्यात औषधं देणारा, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून जन्माला आलेला. सासूबाई होत्या तोवर त्याही सुनेला जरा वचकूनच असायच्या. सासऱ्यांना मात्र ती पहिल्या दिवसापासून पसंत होती. का, ते त्यांनी एका रविवारी सकाळी सांगितलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि ते चिमट्यांची टोपली धरून उभे होते.

सासरे बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारा, खर्जातला आवाज. साध्या बेसच्या मानेवर धातूचे पडदे बसवलेले असतात, म्हणजे बोट जरा मागंपुढं पडलं तरी सूर आपल्या जागी येतो. यांची गिटार बिनपडद्याची होती. मानेवर नुसतं गुळगुळीत लाकूड. बोट केसभर सरकलं की सूर सरकला, आणि झाकायला काही नाही. चाळीस वर्षं ते असे उघड्यावर वाजवत आले होते. आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर ते आणि आणखी तीन म्हातारे दर शनिवारी दुपारी तळ्याकाठच्या एका हॉटेलात वाजवत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते फक्त शनिवारची वाट बघत. यात काडीची अतिशयोक्ती नाही.

"सूनबाई, माझे कान चाललेत," ते म्हणाले.

"यंत्र दिलंय ना डॉक्टरांनी?"

"यंत्रानं तुझं बोलणं ऐकू येतं. सूर भलताच ऐकू येतो. आणि काढून ठेवलं तर निम्मं ऐकूच येत नाही. ते सोड. मला एक शब्द दे. ज्या शनिवारी माझा सूर सुटेल, त्या शनिवारी घरी आल्या आल्या मला सांगायचं. आडपडदा न ठेवता."

"बाबा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"ते शिकवता येतं. खरं बोलायला शिकवता येत नाही. पोराला विचारलं तर मी मेलो तरी तो छानच म्हणेल."

मग त्यांनी सॅक्सोफोनवाल्याची गोष्ट सांगितली. त्यांच्याच बँडमधला, जिवाभावाचा माणूस. म्हातारपणी त्याचा श्वास पुरेना, सूर फाटायला लागले. कुणी बोललं नाही. समोरच्या टेबलांवरची माणसं एकमेकांना डोळे घालायची, आणि तो बापडा मान लववून आभार मानायचा. वर्षभरानं त्याच्या कानावर आलं. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. "न सांगणाऱ्यांत मीही होतो," सासरे म्हणाले. "माझं तसं हसं होऊ देऊ नकोस." तिनं हातातली चादर दोरीवर टाकली आणि बरं म्हणाली.

झालं. सूर जागेवर म्हणजे काय आणि सरकला म्हणजे काय, ते सासऱ्यांनी तिला आधी गिटारवर दाखवलं. मग दर रविवारी एक वादक, असा अभ्यासक्रम ठरला. सासऱ्यांच्या कपाटात कॅसेटी, तबकड्या, सीडी खच्चून भरलेल्या. बिनपडद्याची बेस वाजवणारे देशोदेशीचे लोक. ती वही-पेन घेऊन बसली, जशी दुकानात बसायची तशी. पहिलं आठ मिनिटांचं वादन संपलं आणि तिनं अहवाल दिला.

"बाबा, हा माणूस सतरा वेळा चुकला."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. जगातले बेसवाले ज्याचं नाव ऐकून कान पकडतात, त्याला हिनं सतरा ठिकाणी नापास केला होता! "अगं, सुराच्या खालून येऊन तो हळूच वर चढतो ना, त्याच्यासाठीच तर लोक त्याला ऐकतात," ते म्हणाले. तिला ते पटेना. कमी भरलं ते कमी भरलं. पुढच्या रविवारच्याला अकरा चुका, त्याच्या पुढच्याला चोवीस. परदेशी नावं तिच्या लक्षात राहीनात, म्हणून तिनं टोपणनावं पाडली. पहिला तो उसासेवाला. दुसरा आळशी, मिनिटाला चार सूर वाजवणार आणि तेही उशिरा. तिसरा बडबड्या. महिन्याभरात तिनं अख्ख्या जगाचे तराजू सील करून टाकले. सासरे काळजीत पडले, कारण हिला चूक आणि गोडवा यातला फरकच कळला नाही तर ही आपल्याला पहिल्याच शनिवारी घरी बसवेल.

तो फरक तिला कळला भंगारवाल्याकडे. त्याच्याकडे जुना काट्याचा तराजू होता. तिनं वजन ठेवलं. काटा झपकन गेला, खुणेच्या पलीकडे पोचला, मागं आला, थरथरला, आणि बरोब्बर खुणेवर थांबला. तिनं शिक्का काढला आणि तशीच उभी राहिली. थरथरणाऱ्या काट्याला ती कधीच नापास करत नसे. उलट जो थरथरत नाही तो अडकलेला. बघायचं असतं ते तो थांबतो कुठे. भंगारवाला घाबरून म्हणाला, "मॅडम, काय झालं? बरोबर आहे ना?" ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. माझं चुकत होतं." एवढं ऐकायला बाजारातली निम्मी माणसं आयुष्यभर थांबली होती, पण ऐकायला होता एकटा भंगारवाला, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

त्या रविवारी तिनं उसासेवाला पुन्हा लावायला सांगितला. सतराच्या सतरा सूर हलत हलत आले आणि जागच्या जागी थांबले. आळशी तर ग्रेटच निघाला. सूर लावायचा आणि तो विरेपर्यंत बोट नुसतं डुलवत ठेवायचा, लाकडातून माणूस गुणगुणतोय असं वाटायचं. बडबड्याच्या एवढ्या धांदलीतही एक काटा इकडचा तिकडे होत नव्हता. तिला आवडायला लागलं, आणि आवडतंय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. स्वयंपाक करताना, पेटी पुसताना ती आता गाण्यातला गाणारा सोडून खालची बेस ऐकायची.

एक वादक तिनं स्वतः शोधली. किराणा दुकानात तपासणी चालली होती आणि रेडिओवर कुणीतरी गात होतं. ती एकदम म्हणाली, "आवाज वाढवा." दुकानदाराला वाटलं, हा काहीतरी नवा सापळा. त्यानं रेडिओच बंद केला. "अहो वाढवा म्हणतेय!" निवेदकानं शेवटी वाजवणाऱ्यांची नावं घेतली. बेसवर एक बाई होती. गाणारा दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला थांबला की ही खालून एकच सूर सरकवून ती फट शिवून टाकायची. तिनं लगेच नाव दिलं, शिंपीण. घरी येऊन फोनवर ते गाणं लावलं. कपाटात नसलेली वादक आपण आणली, म्हणून ती नाही म्हटलं तरी जरा फुशारली होती.

सासऱ्यांनी यंत्र काढलं, फोन लाकडी टेबलावर ठेवला आणि टेबलाला तळहात लावला. डोळे मिटून ऐकलं. "छान आहे," ते म्हणाले. "पडद्यांची बेस आहे ना?" तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते मनापासून विचारत होते. ती म्हणाली, "नाही बाबा. तुमच्यासारखीच." आणि फोन उचलून आत गेली.

त्याच आठवड्याच्या शनिवारी हॉटेलात तिला ते ऐकू आलं. संथ गाणं होतं. सासऱ्यांचं बोट वर सरकलं, सूर थरथरला, आणि खुणेच्या खाली थांबला. तिथंच राहिला. पुढचाही खालीच. मग पुन्हा जागेवर आला. समोर कुणाला काही कळलं नाही. गाणं संपल्यावर सासऱ्यांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, पास की नापास? त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा फुललेला होता. तिनं मान डोलावली.

घरी येताना तिनं मनाशी म्हटलं, दोनच सूर होते, पुढच्या शनिवारी पक्कं करू. पुढच्या शनिवारी सहा होते. नवरा म्हणाला, "राहू दे ना गं. तुझ्याशिवाय कुणाला कळतंय?" एरवी अशा बोलण्यावर तिनं त्याला फाडून खाल्ला असता. ती पेटीतली वजनं पुसत राहिली. तिसऱ्या शनिवारी तिनं जाणंच टाळलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. चौथ्या शनिवारी पियानोवाला सासऱ्यांचा सूर झाकायला डावा हात जोरात आपटत होता. सोमवारी तिनं एका फळवाल्याचा तराजू दहा ग्रॅमसाठी सील केला. तो हातापाया पडत होता आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

पाचव्या शनिवारी पुढच्या टेबलावरच्या एका माणसानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. दोघं हसले. सासरे मान लववून आभार मानत होते.

घरी आल्यावर त्यांनी गिटार कोपऱ्यात टेकवली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बाबा, सूर सुटला."

ते खुर्चीवर बसले. तारांना लागून काळी झालेली आपली बोटं त्यांनी उलटसुलट करून बघितली. नवरा काहीतरी बोलायला पुढं आला, त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"खाली?" त्यांनी विचारलं.

"खाली."

"कधीपासून?"

एकवीस वर्षं जिनं पाच ग्रॅमची सूट कुणाला दिली नव्हती, तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आजपासून."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खांदे खाली आले. "म्हणजे वेळेत सांगितलंस," ते म्हणाले. "कुणी हसायच्या आत. मला रात्ररात्र झोप नव्हती बघ, की हे आधीपासूनच चाललंय आणि मला कळत नाहीये. पण म्हटलं, सूनबाई आहे ना." मग त्यांनी मुलाकडे वळून म्हटलं, "बघ, याला म्हणतात माणूस."

"चहा टाकते," ती म्हणाली, आणि गॅस न पेटवताच पातेल्यासमोर उभी राहिली.